टायरची हवा डोळ्याला कळत नाही, स्पोर्ट्स कारची तर मुळीच नाही

बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती तेव्हा गावाला निघायच्या आधी ते चारही चाकांना एकेक लाथ घालायचे, "ठीक आहे, बसा" म्हणायचे आणि आम्ही निघायचो. गंमत म्हणजे ती पद्धत अगदीच चुकीची नव्हती, कारण त्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, उंच आणि मऊ असायची, हवा कमी झाली की टायरला खाली पोट सुटायचं आणि ते लांबूनही दिसायचं.

मी इकडे मिशिगनमध्ये हौस म्हणून २००५ ची एक सेकंडहँड रोडस्टर घेतली, दोन सीटची, छप्पर उघडणारी. टायरचा साइझ २०५/४५, म्हणजे साइडवॉल २०५ मिलिमीटरच्या ४५ टक्के, जेमतेम ९२ मिलिमीटर. एका रविवारी हायवेच्या रॅम्पवर वळताना गाडीचं मागचं अंग जरा उशिरा वळतंय असं वाटलं. पंपावर थांबलो, खाली वाकून चारही टायर बघितले, सगळे एकसारखे ठणठणीत. बाबांची आठवण काढून एक लाथही घातली. मग गेज लावला तर उजव्या मागच्या चाकात १७ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक)! हवे होते २९. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यात, लाकडात लावायचा एक स्क्रू बसला होता, नखाएवढा, आणि कधीपासून ते देव जाणे.

असं का होतं ते बघू. गाडीचं वजन मुख्यतः टायरमधली हवा उचलते. साधारण ११०० किलोची गाडी धरा, एका चाकावर २७५ किलो. २९ ते ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोच्या थोडं वर, म्हणजे रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा जवळपास १३० चौरस सेंटीमीटर, साधारण एका पोस्टकार्डाएवढा. हवा कमी झाली की हा तुकडा मोठा व्हायला लागतो आणि टायर खाली बसतो. पण स्पोर्ट्स कारच्या टायरची साइडवॉल आखूड आणि मुद्दाम कडक बनवलेली असते, ती थोडं वजन स्वतःच पेलते, त्यात गाडी हलकी, त्यामुळे टायरला पोट सुटलेलं दिसतच नाही. ज्या गाडीला प्रेशरची सगळ्यात जास्त पर्वा करायला हवी तिच्याच टायरवर ते सगळ्यात कमी दिसतं. रनफ्लॅट टायर असतील तर विषयच संपला, ते शून्य हवेवरही चालतात म्हणून चालवणाऱ्याला नुसतं बघून कळायचा मार्गच राहत नाही.

त्यामुळे टीपीएमएस, म्हणजे टायरचं प्रेशर सतत बघणारी यंत्रणा, पहिल्यांदा आली तीही एखाद्या फॅमिली गाडीत नाही तर १९८६ च्या सुमारास पोर्शे ९५९ मध्ये. ३०० च्या वर पळणारी गाडी, पोकळ स्पोकची मॅग्नेशियमची चाकं, डनलॉपचे रनफ्लॅट टायर, स्टेपनी नाही. पुढे १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये रनफ्लॅट आणि ही यंत्रणा दोन्ही स्टँडर्ड आले. सामान्य गाड्यांत ती यायला मात्र माणसं मरावी लागली. २००० मध्ये फायरस्टोनचे ६५ लाख टायर परत मागवले गेले, बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवरचे, धावता धावता ट्रेड सुटून यायचा, अमेरिकेत २७१ मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. त्यानंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून इथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीचं झालं, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून. माझी गाडी दोन वर्षांनी म्हातारी, म्हणून हवा कमी झाल्याचा इशारा देणाऱ्या दिव्याशिवायची.

कमी हवेने नेमकं काय बिघडतं? प्रत्येक फेरीत साइडवॉल दबते आणि परत सरळ होते, हवा कमी असेल तर जास्त दबते. रबर दाबायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी सगळी ते परत देत नाही, उरलेली आतच उष्णता होऊन साठते. ताशी १०० ला चाक सेकंदाला १४ च्या आसपास फेऱ्या मारतं, म्हणजे तेवढ्या वेळा हे दबणं उठणं. वेग अजून वाढला की टायरचा दबलेला भाग रस्ता सोडल्यावर सरळ व्हायच्या आत पुढची फेरी येते आणि मागच्या बाजूला टायरवर लाट उभी राहते, ती धावत नाही, एका जागी उभी असल्यासारखी दिसते म्हणून तिला स्थिर लाट म्हणतात. ती सुरू झाली की टायर काही मिनिटांत भाजून निघतो. हवा जितकी कमी तितकी ही लाट कमी वेगात येते. टायरवर ताशी ३०० किमीचं रेटिंग छापलेलं असलं तरी ते योग्य हवेसाठी आहे, १७ पीएसआयसाठी नाही!

पावसाचं गणितही असंच. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं, टायर पाण्यावर तरंगायला लागायचा वेग हा प्रेशरच्या वर्गमुळावर ठरतो. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किमी येतो, २२ ला ७८. गाडीच्या टायरला हे तंतोतंत लागू होत नाही, ट्रेड किती उरलाय आणि टायर किती रुंद आहे त्यावर बरंच असतं, पण रुंद टायर पाणी बाजूला सारायला अजूनच कमी पडतो आणि स्पोर्ट्स कारचे टायर रुंदच असतात. जुलैत मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर घाटाच्या अलीकडे-पलीकडे १०० ने जाणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

आता टीपीएमएसचे दोन प्रकार. एक स्वस्तातला, त्यात टायरमध्ये काहीच नसतं, एबीएसचे (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांचा वेग मोजतच असतात, हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं म्हणून जास्त फिरतं, तो फरक पकडायचा. हुशार आहे, पण महिन्याला एखाद-दोन पीएसआय जी हवा रबरातून आपोआप झिरपते ती चारही चाकांतून एकत्रच जाते, मग फरक कसला पकडणार. नवीन सिस्टिम टायरची थरथर पण तपासतात, त्या बऱ्या. शिवाय रिसेट करताना प्रेशर चुकीचं असेल तर ती तेच खरं धरून बसते.

दुसरा प्रकार म्हणजे आत रिमवर बसवलेला खरा सेन्सर, सिलिकॉनचा बारीक पडदा, बॅटरी आणि रेडिओ, मिळून ३० ते ४० ग्रॅम. इथे माझ्यातला हौशी हिशेबनीस जागा झाला. ताशी ३०० ला रिमच्या त्या जागी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीड हजार पट ओढ असते, म्हणजे ३५ ग्रॅमचा सेन्सर तिथे ५० किलोचा होतो आणि तरी आकडा पाठवत राहतो. म्हणूनच व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी लावायचे ते स्वस्त सेन्सर मला पटत नाहीत, १० ग्रॅमचं टोपण २०० ला साडेसहा किलोचं होऊन रबरी व्हॉल्व्हला ओढत बसणार. ट्रॅकवाले लोक सेन्सरच्या वजनावरून कुरकुर करतात, पण २० किलोच्या चाकात ३५ ग्रॅम म्हणजे ताटातलं मीठ.

मी शेवटी आतल्या सेन्सरचं किट बसवून घेतलं, स्क्रीनवर चार आकडे दिसतात. मग ते घेऊन जिंजरमॅनच्या ट्रॅकवर गेलो आणि तिथे खरी मजा कळली. सकाळी २७ पीएसआय, वीस मिनिटं दामटल्यावर ३५. हवा तेवढीच, फक्त तापली, साधारण दर साडेपाच डिग्रीला एक पीएसआय. गरम टायरमध्ये ३२ बरे म्हणून तिथेच हवा सोडली, ग्रिप छान आली, घरी आलो, विसरलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर स्क्रीनवर २४.५ आणि किट ओरडतंय. किट नसतं तर तसाच हायवेला लागलो असतो.

आता माझी तक्रार. अमेरिकन कायद्यातला तो पिवळा दिवा प्रेशर २५ टक्के पडल्यावर लागला तरी चालतो, युरोपात २० टक्के. म्हणजे ३२ ची गाडी २४ पर्यंत मुकी राहू शकते! टायर फुटू नये म्हणून हे ठीक आहे, एसयूव्हीला ठीक आहे, पण स्पोर्ट्स कारमध्ये तीन-चार पीएसआयने वळणाचा सगळा स्वभाव बदलतो, तुम्ही ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले तीच जाते आणि दिवा झोपलेला. म्हणून टीपीएमएस घ्यावं का या प्रश्नाला माझं उत्तर हो, पण आकडे दाखवणारं घ्या, नुसता दिवा अर्ध्या कामाचा. भारतात तर २०२० पासून टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते, मग आकडा हाच तुमचा आधार.

एक गोष्ट मात्र कुठलाच सेन्सर सांगत नाही, टायरचं वय. २०१३ मध्ये हॉलिवूडचा अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत मरण पावला, तिच्या अपघाताचं मुख्य कारण तपासात अतिवेग हेच निघालं, पण टायर नऊ वर्षांचे होते हेही नोंदवलं गेलं. रबर आतून कडक होतं, हवा तशीच राहते. साइडवॉलवर चार आकडे असतात, ३५१९ असेल तर २०१९ चा ३५ वा आठवडा. हौशी गाड्या वर्षाला तीन-चार हजार किमीच फिरतात, ट्रेड नवाकोरा दिसतो आणि टायर म्हातारा असतो, माझे मागचे दोन असेच निघाले. सेन्सरच्या बॅटऱ्या ५ ते १० वर्षं टिकतात आणि सहसा बदलता येत नाहीत, त्यामुळे टायर काढाल तेव्हाच सेन्सर बदला, मजुरी एकदाच पडते.

बाकी गेज अजून ग्लोव्हबॉक्समध्येच आहे. स्क्रीन आणि त्याच्यात एक पीएसआयचा फरक येतो आणि बरोबर कोण ते मला अजून ठरवता आलेलं नाही.