मेदेआ: दारातून आत, छपरावरून बाहेर

इ. स. पू. 431 मध्ये अथेन्सच्या डायोनायसस उत्सवातल्या नाट्यस्पर्धेत युरिपिडीजच्या नाटकांचा संच तिसरा आला. नाटककार तीनच असत, म्हणजे शेवटचाच. पहिला नंबर एस्किलसच्या मुलाचा, युफोरिऑनचा आणि दुसरा सोफोक्लीजचा. पडलेल्या त्या संचातलं ‘मेदेआ’ तेवढं आज पूर्ण उरलं आहे. नवरा जेसन कॉरिंथच्या राजकन्येशी दुसरं लग्न लावतो, म्हणून पोटच्या दोन मुलांना मारणारी ही काळ्या समुद्राकाठच्या कोल्खिसची राजकन्या नटनट्यांना अडीच हजार वर्षं खुणावते आहे. याचं कारण कथेइतकंच भूमिकेच्या बांधणीतही आहे.

नाटक सुमारे 1,400 ओळींचं. सुरुवातीला मेदेआचा फक्त आवाज येतो, आतून. 214व्या ओळीला ती दाराबाहेर येते आणि थेट 1,250च्या आसपास मुलांना मारायला आत जाते. मधल्या हजारभर ओळी ती रंगमंचावरच. कॉरिंथचा राजा क्रिऑन, जेसन, अथेन्सचा राजा ईजिअस, निरोप्या असे एकेक जण येतात, तिच्याशी झुंजतात आणि जातात. बोलणारे दोन नट असले तरी हे नाटक उभं राहू शकतं. दुसरा नट मुखवटे बदलून बाकीचे पार्ट करतो आणि त्याला मधूनमधून विंगेत दम खाता येतो. मेदेआला ती सोय नाही. नट सगळे पुरुष. अख्खं डोकं झाकणारा, केस लावलेला मुखवटा, म्हणजे चेहऱ्याचा अभिनय बाद. मान, हात आणि आवाज एवढ्यावर सगळं पेलायचं. स्त्रीपार्टी नटांची परंपरा पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे चेहरा उघडा असे, एवढाच फरक.

खरी कारागिरी शेवटात आहे. मुलांच्या किंकाळ्या आतून येतात. जेसन धावत येतो, दारावर धडका देतो, अडसर काढा म्हणून ओरडतो. ग्रीक प्रेक्षकाला पुढचं ठाऊक असे: दार उघडणार आणि चाकांच्या फळ्यांवरून प्रेतं बाहेर सरकणार. खून आत होत, मग ते दाखवायची हीच पद्धत. सगळ्यांचे डोळे दारावर खिळलेले असताना मेदेआ दिसते ती वर, छपराच्याही वर, आजोबा सूर्यदेवानं दिलेल्या रथात आणि मुलांची कलेवरं जवळ घेतलेली. ती जागा एरवी देवांची.

हा रथ उचलायला यारी, म्हणजे लाकडी क्रेन वापरत. ती चालवणाऱ्याचा हात हलला की वरच्या नटाचे हाल. इ. स. पू. 421च्या ‘शांती’ नाटकात अ‍ॅरिस्टोफेनीजनं शेणकिड्यावर बसून उडणाऱ्या नायकाच्या तोंडी यारीवाल्यालाच ‘जरा सांभाळून’ अशी विनवणी घातली, ती उगाच नाही. अ‍ॅरिस्टॉटलला मात्र हा शेवटच पटला नाही. उकल कथानकातून यावी, यंत्रातून नव्हे, हा त्याचा आक्षेप. त्यानं नाटक वाचताना दारावरच्या त्या धडका पुरेशा ऐकल्या नसाव्यात.

पुढे प्रत्येक काळानं हा शेवट आपापल्या परीनं सोडवला आणि भूमिका तशी बदलली. रोमन सेनेकानं मुलांना मारणं थेट प्रेक्षकांसमोर आणलं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच नाटककार एर्नेस्त लगूवेनं उलट धार बोथट केली: जमाव मुलांना हिसकावून घेणार म्हणून आई त्यांना मारते आणि ‘कुणी मारलं?’ या जेसनच्या प्रश्नाला उत्तर देते, ‘तू!’ हे नाटक फ्रेंच अभिनेत्री राशेलसाठी लिहिलेलं, पण तिनं नाकारलं. 1856 मध्ये इटालियन अभिनेत्री आदेलाइद रिस्तोरीनं ते पॅरिसमध्येच, पण इटालियनमधून गाजवलं. 1898 मध्ये फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्टनं नाटककार कातूल मांदेसची मेदेआ केली. चित्रकार आल्फोन्स मुखाच्या पोस्टरवर तिच्या हाताला सापाचं कंकण आहे. ते चित्र इतकं आवडलं, की पुढच्याच वर्षी सराफ फुकेनं ते सोन्यात घडवलं.

ऑपेरा गायिका मारिया कॅलसचं प्रकरण निराळं. केरुबिनीच्या 1797च्या ऑपेरातली मेदेआ तिनं 1953 मध्ये फ्लोरेन्सला गायली आणि विस्मृतीत गेलेला हा ऑपेरा पुन्हा चलनात आला. 1969 मध्ये इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीनं तिलाच चित्रपटात घेतलं, पण गाणं एकही नाही! तुर्कस्तानातल्या कापाडोकियाचे खडक, जड वस्त्रं आणि बराच वेळ मौन. शेवटी रथ नाही, मेदेआ जेसनशी बोलते ती ज्वाळांआडून. हजारो ओळींच्या ताकदीचा आवाज मिटवून नुसता चेहरा वापरायचा, हे मुखवट्याच्या बरोबर उलट. 1978 मध्ये टोकियोत दिग्दर्शक निनागावानं चाक पुन्हा मूळ जागी फिरवलं: मेदेआ झाला मिकिजिरो हिरा, पुरुष नट.

अमेरिकेत ही भूमिका एकीकडून दुसरीकडे हाती दिल्यासारखी गेली. 1947 मध्ये रॉबिन्सन जेफर्सच्या रूपांतरात ज्युडिथ अँडरसन मेदेआ होती. दिग्दर्शक जॉन गिलगुड स्वतः जेसन झाला होता. तिला टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. 1982 मध्ये तेच रूपांतर पुन्हा आलं, मेदेआ झोई कॉल्डवेल आणि टोनी तिलाही. पंच्याऐंशीच्या घरातली अँडरसन त्या प्रयोगात दाई झाली होती. नाटक उघडतं ते दाईच्याच तोंडून.