पाऊस पडेल तिकडे

पूर्व मंगोलियाच्या गवताळ मैदानात सप्टेंबर २००७ मध्ये संशोधकांना मंगोलियन गॅझेल हरणांचा एक जमाव दिसला. ही आपल्या चिंकाऱ्याची दूरची भावकी. मोजणी केली तेव्हा आकडा दोन लाखांच्या वर गेला. आशियात असं दृश्य आता फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. पण ते पाहायचं म्हणून कोणी पुढच्या वर्षी नेमक्या त्याच जागी पोचला असता, तर त्याला एखादं तरी हरीण दिसलं असतं याची खात्री देता येत नाही. ही हरणं कुठे असतील ते महिन्यावरून ठरत नाही. त्या वर्षी पाऊस कुठे पडला, यावरून ते ठरतं.

मंगोलियात फिरताना हीच गोष्ट सगळीकडे दिसत राहते. देश महाराष्ट्राच्या पाचपट, माणसं जेमतेम ३५ लाख, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या उलानबातर शहरात. शहर मागे पडलं की शेतांचे बांध नाहीत, वाड्यावस्त्या नाहीत. डांबरी रस्ता सोडला की मैदानात उमटलेल्या चाकोऱ्यांवरून जायचं. एक चाकोरी खराब झाली की गाड्या शेजारून दुसरी पाडतात, म्हणून काही ठिकाणी दहा-दहा चाकोऱ्या समांतर धावताना दिसतात. मागच्या खेपेला जिथे मेंढपाळाचा तंबू होता तिथे आज नुसता गोल डाग असतो. हरणं, रानगाढवं, लांडगे, मेंढपाळ आणि त्यांची जनावरं यांपैकी कोणीच इथे एका जागी बसून जगत नाही.

याचं मूळ हवामानात आहे. उलानबातर आणि व्हिएन्ना ही दोन्ही शहरं साधारण ४८ अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहेत. व्हिएन्नात जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, उलानबातरमध्ये ते उणे २० च्याही खाली जातं. समुद्र फार लांब आणि शहराची उंची सुमारे १,३५० मीटर, ही त्याची दोन कारणं. तिसरं कारण अधिक मोठं आहे. हिवाळ्याच्या लांबलचक रात्रींत बर्फाने झाकलेली सैबेरिया-मंगोलियाची जमीन आपली उष्णता आकाशात गमावत राहते. तिच्यावरची हवा थंड आणि जड होऊन तिथेच साचते, कारण दक्षिणेकडे वाहून जायला पर्वतरांगा आडव्या येतात. हवेचा दाब समुद्रसपाटीला सरासरी १,०१३ हेक्टोपास्कल धरतात. डिसेंबर २००१ मध्ये पश्चिम मंगोलियातल्या तोसोनत्सेंगेल इथे समुद्रसपाटीच्या हिशेबात तो १,०८५ च्या आसपास गेला होता. पृथ्वीवर नोंदल्या गेलेल्या सर्वोच्च दाबांपैकी हा एक. अशा दाबाखाली आकाश निरभ्र राहतं, बर्फही बेताचाच पडतो, आणि थंडी मात्र वाढत जाते.

उन्हाळ्याची कथा आपल्याशी जोडलेली आहे. जो हिमालय मोसमी वाऱ्यांना अडवून आपल्याकडे पाऊस पाडून घेतो, त्याच्या आणि तिबेटच्या पठाराच्या पलीकडची कोरडी बाजू म्हणजे गोबी. पश्चिमेकडून येणारं बाष्प अल्ताय आणि तिएनशानसारख्या रांगांवरच बरंचसं संपतं. उत्तरेकडच्या जंगलांत वर्षाला ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. दक्षिणेला तो कमी होत होत गोबीत १०० मिलिमीटरच्या आसपास येतो, काही भागांत त्याहून कमी. तोही बहुतेक जून ते ऑगस्टमध्ये, तुटक्या वादळी सरींनी. एका खोऱ्यात सर कोसळते आणि डोंगरापलीकडचं खोरं कोरडं राहतं. पुढच्या वर्षी त्याच्या उलट होऊ शकतं.

गवताला हे चालतं. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे पाती खाल्ली गेली तरी ते पुन्हा फुटतं. या मैदानातल्या वनस्पतींचा बराचसा भाग जमिनीखाली मुळांत दडलेला असतो आणि सर आली की काही दिवसांत मैदान हिरवं होतं. खाणाऱ्याला मात्र हे हिरवं नेमक्या वेळी गाठावं लागतं. उपग्रहांच्या प्रतिमांवरून वनस्पतींची हिरवाई मोजून ती गॅझेलांच्या ठावठिकाण्याशी ताडून पाहिली, तेव्हा ही हरणं सर्वांत हिरव्या भागात नसतात असं दिसलं. ती मध्यम हिरवाईच्या पट्ट्यात असतात. फार विरळ गवतात पोट भरत नाही, आणि उंच, दाट, जून झालेलं गवत तंतुमय असल्याने पचायला जड पडतं. कोवळं आणि पुरेसं असं गवत हवं, आणि ते आज जिथे आहे तिथे महिन्याभराने असेलच असं नाही.

हे नेहमीच्या स्थलांतराहून वेगळं आहे. पट्टकादंब हे हंस मध्य मंगोलियातल्या तेरखीन त्सागान सरोवरासारख्या ठिकाणी उन्हाळा काढतात आणि हिमालय ओलांडून भारतात येतात. आपल्याकडे जायकवाडी आणि नांदूरमधमेश्वरला हिवाळ्यात हे पक्षी दिसतात. त्यांच्या शरीरात बसवलेल्या उपकरणांवरून एक सुरेख गोष्ट कळली. ते थेट उंच चढून सरळ रेषेत उडत नाहीत. जमिनीच्या चढउतारानुसार खाली-वर होत राहतात, कारण विरळ हवेत पंख मारायला इतका जोर लागतो की पुन्हा पुन्हा उंची गमावून ती परत कमावणं स्वस्त पडतं. तरीही त्यांनी ७,२९० मीटरपर्यंतची उंची गाठल्याची नोंद आहे. एवढा कठीण प्रवास, पण त्याचं वेळापत्रक ठरलेलं: उन्हाळा तिकडे, हिवाळा इकडे.

गॅझेलांना असं वेळापत्रक नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची तुलना उत्तरेकडची कॅरिबू आणि मूस ही हरणं आणि दक्षिण अमेरिकेतला उंटाच्या कुळातला ग्वानाको यांच्याशी केली गेली. कॅरिबूंचे कळप वर्षानुवर्षं ठरलेल्या दिशेने एकत्र सरकतात. गॅझेल मात्र एकमेकांपासून वेगळ्या वाटांनी जातात आणि तीच वाट पुढच्या वर्षी धरत नाहीत. जिथे हिरवाई कधी कुठे येईल हे सांगता येत नाही, तिथे ठरलेला मार्ग लक्षात ठेवून उपयोग नाही. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. अशा प्राण्याला राखायचं तर त्याच्यासाठी एखादं अभयारण्य आखून भागत नाही.

दक्षिणेकडे उतरलं की गवत विरळ होतं आणि गोबी सुरू होतं. वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांपुढे वाळूचे डोंगर येतात, पण गोबीचा बहुतेक भाग खडी, खडक आणि विरळ झुडपांचा आहे. खोंगोरीन एल्ससारख्या ठिकाणी टेकड्याएवढे वालुकागिरी आहेत खरे. त्यांच्या उतारावरून वाळू घसरते तेव्हा कण एका लयीत एकमेकांवर आदळतात आणि विमानासारखी घरघर ऐकू येते. त्याहून मोलाचं आहे ते साक्सौलचं झाड. पानं जवळजवळ नाहीत, लाकूड कमालीचं जड, मुळं खोल. सुटी वाळू तेच धरून ठेवतं. पावसाळ्यात खडीतून रानकांद्याची हिरवी पाती वर येतात आणि उंट-मेंढ्या त्यांवर तुटून पडतात.

इथल्या रानगाढवाला खूलान म्हणतात. कच्छच्या छोट्या रणात आढळणारं रानगाढव याच जातीचं, फक्त उपजात वेगळी. खूलान कोरड्या नदीपात्रात खुरांनी खड्डे उकरून पाणी काढतात आणि ते गेल्यावर इतर प्राणी त्याच खड्ड्यांवर तहान भागवतात. जगभरातल्या भूचर प्राण्यांच्या प्रवासाची तुलना झाली तेव्हा एका वर्षात सर्वाधिक अंतर चालणारा प्राणी मंगोलियातलाच निघाला: ७,२४७ किलोमीटर चाललेला एक लांडगा.

माणसाने या प्रदेशाचं तेच गणित स्वीकारलं. मेंढपाळाचा नमद्याचा गोल तंबू, म्हणजे 'गेर', तास-दोन तासांत उतरवून गाडीवर किंवा उंटावर लादता येतो. मेंढ्या, शेळ्या, गाई किंवा याक, घोडे आणि उंट अशी पाच प्रकारची जनावरं पाळायची पद्धत आहे, आणि प्रत्येकाचं चरणं वेगळं. हिवाळ्यात घोडे खुरांनी बर्फ उकरतात आणि त्यांच्यामागून मेंढ्यांना उघडं पडलेलं गवत मिळतं. एखाद्या भागात पाऊस चुकला की जनावरं घेऊन शेकडो किलोमीटर दूरच्या कुरणाकडे जायचं, त्याला 'ओतोर' म्हणतात. चांगलं गवत कुठे उगवलंय याची खबर पूर्वी घोडेस्वारांकडून मिळायची, आता मोबाइलवर मिळते.

हे चुकलं तर 'झुद' येतो. झुद म्हणजे जनावरांना चरता येत नाही असा हिवाळा, आणि त्याचे प्रकार मेंढपाळांनी अनुभवातून ठरवले आहेत. पांढऱ्या झुदात बर्फ इतका खोल असतो की गवतापर्यंत तोंड पोचत नाही. लोखंडी झुदात मधेच बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि कुरणावर कडक थर बसतो. काळा झुद उलटा: बर्फ पडतच नाही, आणि बर्फ खाऊनच तहान भागवणारी जनावरं पाण्यावाचून मरतात. उन्हाळ्यात दुष्काळ पडून अंगावर चरबी चढली नसेल तर कोणताही झुद जीवघेणा ठरतो. २००९-१० च्या झुदात देशातली सुमारे एक पंचमांश गुरं गेली. २०२३-२४ मध्ये सत्तर लाखांहून अधिक जनावरं मेली. त्या आकड्यामागे कित्येक कुटुंबं आहेत, ज्यांच्यापुढे उलानबातरच्या कडेला जाऊन राहण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही.

उलट चांगली वर्षं आली तर काय होतं, याचाही एक पुरावा आहे. मध्य मंगोलियातल्या जुन्या लाव्हाच्या भूमीवर शतकानुशतकं टिकलेल्या पाइन वृक्षांची वर्षवलयं २०१४ साली अभ्यासली गेली. १२११ ते १२२५ हा काळ सलग ओला आणि उबदार होता असं त्यांत दिसलं. चंगीझ खानाच्या मोठ्या स्वाऱ्यांचा हाच काळ. पावसाने साम्राज्य उभं राहत नाही; १२०६ मध्ये टोळ्या एकत्र आणणारं राजकारण आधीच घडलं होतं. पण स्वाराला एकाहून अधिक घोडे लागायचे आणि त्या सगळ्यांना गवत लागायचं.

आजचा प्रश्न पावसाइतकाच अडथळ्यांचा आहे. १९९० नंतर सरकारी सामुदायिक पशुपालन मोडलं आणि काश्मिरी लोकरीला, म्हणजे शेळ्यांच्या मऊ 'कॅशमिअर'ला, भाव आल्याने शेळ्या झपाट्याने वाढल्या. त्या वेळी अडीच कोटींच्या आसपास असलेली गुरंढोरं २०१९ पर्यंत सात कोटींवर गेली. हा भार खरा आहे. पण फक्त संख्येला दोष देऊन थांबणं मला अपुरं वाटतं. १९९८ साली 'सायन्स' नियतकालिकातल्या एका अभ्यासाने मंगोलिया, चीनचा अंतर्गत मंगोलिया आणि रशियातले शेजारचे प्रदेश यांची तुलना केली. जिथे मेंढपाळांची ये-जा टिकून होती तिथे कुरणांची हानी कमी होती. जिथे माणसं आणि गुरं एका जागी बांधली गेली तिथे ती जास्त होती. अंतर्गत मंगोलियात कुरणं कुटुंबागणिक वाटून तारेची कुंपणं घातली गेली, आणि पाऊस शेजारच्या वाट्यावर पडला तर तिकडे जायची सोय उरली नाही.

वन्य प्राण्यांसाठी सर्वांत मोठं कुंपण आहे रेल्वेचं. रशियाच्या सीमेपासून चीनच्या सीमेपर्यंत देशाला मधोमध छेदणारा लोहमार्ग १९५० च्या दशकात पुरा झाला, आणि गुरं गाडीखाली येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी तार लावली गेली. गॅझेलांच्या गळ्यात बसवलेल्या, ठावठिकाणा कळवणाऱ्या पट्ट्यांवरून कळलं की ती तारेपर्यंत येतात, तिच्या कडेकडेने चालत राहतात, आणि पलीकडे जात नाहीत. कडक हिवाळ्यात गवत पलीकडे असतं आणि हरणं अलीकडे मरतात. खूलान तर पूर्वेकडून नाहीसेच झाले. काही जागी तार काढून पाहिल्यावर २०२० साली खूलानांनी रूळ ओलांडल्याची नोंद झाली. जवळजवळ ६५ वर्षांनी ते पूर्वेच्या मैदानात उतरले होते. त्यासाठी पूल बांधावा लागला नाही, नवं तंत्रज्ञान आणावं लागलं नाही. तिथून दिवसाकाठी जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत आणि मधल्या वेळात रूळ मोकळा असतो.

याच काळात नव्या वाटाही तयार होत आहेत. ताव्हान तोल्गोईच्या कोळसाखाणींपासून चीनच्या सीमेपर्यंतचा २३३ किलोमीटरचा लोहमार्ग २०२२ मध्ये सुरू झाला. तो दक्षिण गोबीतून जातो, जिथे जगातल्या खूलानांची सर्वांत मोठी संख्या आहे. शेजारच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक धावतात. या पट्ट्यात कुठे भुयार हवं, कुठे पूल, आणि कुठे नुसती तार न लावणं पुरेल, हे ठरवायला पट्टे लावलेल्या खूलानांच्या वाटांची माहिती आज संशोधकांकडे आहे.