ऑइल तापमापक, स्पोर्ट्स मोटारीतील

इंजिन ऑइलचे तापमान चालकाला दाखवणारे, बहुधा गाडी विकत घेतल्यानंतर वेगळे बसवलेले उपकरण. पोर्श 356 सारख्या हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत पाण्याचा काटा असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ऑइलचा काटा मूळचाच होता. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो नसतो. पुढील तपशील मुख्यतः फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागो येथे सादर झालेल्या माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या पिढीला धरून आहे. तिच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा काटा आहे, तापमानाचा नाही. आणि साधारण 1995 पासूनचा दाबाचा काटाही नुसत्या स्विचवर हलणारा, म्हणजे जवळजवळ शोभेचा आहे.

जुने तापमापक यांत्रिक असत. बारीक तांब्याच्या नळीतील वायूचा दाब बोर्दोन नलिकेचा (वळवलेली पोकळ नळी, पेटंट 1849) बाक बदली आणि काटा फिरे. ही नळी कापता येत नाही आणि दुमडली की उपकरण निकामी होते, म्हणून आता बहुधा विद्युत प्रकारच चालतो. त्यातील थर्मिस्टरचा (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या घटकाचा) रोध तापमान वाढेल तसा घटतो. व्हीडीओ या कंपनीच्या 150 अंशांपर्यंतच्या सेन्सरमध्ये तो 50 अंश से.ला सुमारे 320 ओहम, तर 150 अंशांना 18-19 ओहम असतो. सेन्सर आणि मापक एकाच जोडीचे हवेत. तापमान-रोधाच्या दुसऱ्या वक्राचा सेन्सर लावला तर काटा हलतो, पण खोटे बोलतो.

सेन्सर कोठे बसवावा याविषयी जाणकारांत एकमत नाही. एक पक्ष चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्याच्या) ड्रेन नटच्या जागी (एमएक्स-5 मध्ये एम14×1.5, म्हणजे 14 मिमी व्यासाचे आणि 1.5 मिमी अंतराचे आटे) सेन्सरचा नट लावतो. काम अर्ध्या तासाचे. मात्र हा नट खालून वाऱ्यात असतो आणि त्याच्याभोवतीचे ऑइल फारसे हलत नाही, त्यामुळे आकडा काही अंश कमी येऊ शकतो. रस्त्यावरचा दगड लागण्याचा धोका असतो आणि दर ऑइल बदलताना वायर सोडावी लागते. टोक लांब असेल तर ते आतल्या पत्र्याला टेकत नाही ना, हेही आधी मोजावे लागते. दुसरा पक्ष फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये सँडविच प्लेट (सेन्सरची भोके असलेली जाड चकती) घालतो. येथे पंपातून नुकतेच आलेले, सतत वाहणारे ऑइल सेन्सरला लागते. तिसरा मार्ग चेंबरला सेन्सरसाठी आटे असलेला तुकडा वेल्ड करण्याचा. तत्त्वतः तो चांगला आहे, पण एमएक्स-5 चा चेंबर उतरवायला इंजिन उचलावे किंवा पुढची सबफ्रेम (इंजिनाखालचा सांगाडा) खाली घ्यावी लागते, त्यामुळे इंजिन बाहेर असतानाच त्याचा विचार होतो. ऑइल कूलर असल्यास वाद आणखी वाढतो: कूलरनंतरचा आकडा बेअरिंगना मिळणाऱ्या ऑइलचा, तर आधीचा इंजिनातून आलेल्या सर्वांत गरम ऑइलचा. इशारा म्हणून आधीचा आकडा अधिक उपयोगी. एकच सेन्सर असेल तर प्लेटची जागा सरस ठरते. दाबाच्या सेन्सरच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून त्यात तापमानाचा सेन्सर बसवणे मात्र कोणीच मान्य करू नये. त्या बंद टोकात ऑइल वाहत नाही, आकडा बराच कमी दिसतो आणि लटकत्या वजनाने, कंपनांमुळे टी तुटू शकतो.

आट्यांची गफलत सर्वाधिक होते. प्लेटवरची भोके बहुधा 1/8 एनपीटी (अमेरिकी निमुळते आटे, इंचाला 27, कोन 60 अंश) असतात, तर जपानी इंजिनांच्या दाबाच्या भोकात 1/8 बीएसपीटी (ब्रिटिश निमुळते आटे, इंचाला 28, कोन 55 अंश). एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. पान्याने रेटला की ॲल्युमिनियम फुटते किंवा ऑइल झिरपत राहते. एमएक्स-5 च्या फिल्टरचे आटे एम20×1.5 आहेत, 3/4-16 ची (पाऊण इंच व्यासाची, इंचाला 16 आट्यांची) प्लेट येथे चालत नाही.

फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली, गाडीच्या उजव्या बाजूला असतो. तो काढल्यावर जुना रबर वॉशर इंजिनाला चिकटून राहिलेला नाही ना, हे बोटाने चाचपावे. एकावर एक दोन वॉशर आले की इंजिन सुरू होताच ऑइल उडते. प्लेटच्या ओ-रिंगला ऑइल लावून, सेन्सरचे भोक हात पोचेल अशा दिशेला ठेवून मधला बोल्ट आवळावा. प्लेटमुळे फिल्टर साधारण 25-30 मिमी बाहेर येतो, त्यामुळे आखूड फिल्टर सोयीचा. तो वॉशर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस्स.

एक वायरीचा सेन्सर अर्थ (विजेची बॉडीमार्गे परतीची जोडणी) आपल्या आट्यांतूनच घेतो. टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली की अर्थ तुटतो आणि काटा थंडच दाखवतो. त्याऐवजी थोडे द्रव सीलंट लावावे, तेही पहिला आटा मोकळा ठेवून. वायर तुटली तरी काटा तळाशी बसतो, बॉडीला टेकली तर थेट कमालीवर जातो. मापकाला इग्निशननंतरचे 12 व्होल्ट छोट्या फ्यूजमधून, पार्किंग दिव्यांची वायर प्रकाशासाठी आणि अर्थ द्यावा. वायर रबरी ग्रोमेटमधूनच आत घ्यावी. पहिल्या पिढीत डॅशबोर्डवरच्या गोल हवेच्या झडपेच्या जागी 52 मिमीचा मापक बसवण्याची पद्धत रूढ आहे.

बसवण्यापूर्वी सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. काटा 100 वर यावा. पुण्याच्या उंचीवर (सुमारे 560 मीटर) मात्र पाणी 98 अंशांजवळ उकळते आणि महाबळेश्वरला त्याहूनही खाली, हे ध्यानात ठेवावे. पाण्याचा काटा स्थिरावल्यानंतरही ऑइल तापायला बराच वेळ घेते. 70 अंशांपूर्वी इंजिन वरच्या फेऱ्यांवर नेऊ नये. रस्त्यावर 90-105 अंश नेहमीचे. रेस ट्रॅकवर 120 च्या पुढे गेले की इंजिनाच्या फेऱ्या उतरवाव्यात, 130 च्या वर टिकून राहत असेल तर सुमारे 80 अंशांना उघडणाऱ्या थर्मोस्टॅटचा (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचा) कूलर घालावा. थर्मोस्टॅटविना कूलर लावला तर हिवाळ्यात ऑइल 80 पर्यंतही पोचत नाही आणि त्यात साठलेले पाणी व पेट्रोल उडून जात नाही.