कोरियन मालिका परदेशी पोहोचल्या कशा?

कोरियन मालिकांना जगभर प्रेक्षक मिळवून दिला तो नेटफ्लिक्सने, असा समज आता रूढ झाला आहे. तो कालक्रमाला धरून नाही. नेटफ्लिक्सची सेवा दक्षिण कोरियात जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिका-युरोपातील हजारो लोक या मालिका पाहत होते, आणि बहुतेक जण अनधिकृत मार्गानेच पाहत होते.

शेजारच्या देशांत हा प्रसार रीतसर झाला. १९९७ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने एक कोरियन कौटुंबिक मालिका दाखवली आणि ती तिथे अतिशय गाजली. ‘हाल्यू’, म्हणजे कोरियन लाट, हा शब्दही चिनी वृत्तपत्रांतूनच रुळला. जपानमध्ये २००३ साली ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन मालिका एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर आली. पश्चिमेकडे मात्र मोठ्या वाहिन्यांना या मालिका घ्याव्याशा वाटल्या नाहीत. तिथल्या कोरियन वस्त्यांमधील दुकानांत कॅसेटी भाड्याने मिळत, पण कोरियन न येणाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता.

ही उणीव भरून काढली ती हौशी उपशीर्षककारांनी, म्हणजे संवादांचे भाषांतर पडद्यावर लिहून देणाऱ्यांनी (सबटायटल). २००० नंतरच्या दशकात ‘डी-अ‍ॅडिक्ट्स’सारख्या इंटरनेटवरील चाहत्यांच्या मंचांवर त्यांचे गट जमले. सोलमध्ये भाग प्रसारित झाला की एकाने प्रत्येक संवादाची सुरुवात आणि शेवट सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदवायचा, दुसऱ्याने भाषांतर करायचे, तिसऱ्याने ते तपासायचे, अशी कामाची वाटणी असे. मोबदला काही नसे. कोरियन भाषेत आदरार्थी आणि सलगीची रूपे वेगळी असतात, आणि नायिकेने नायकाला पहिल्यांदा एकेरी संबोधणे ही कथेतली मोठी घटना असू शकते. ‘अहो’वरून ‘अरे’वर येण्यातला अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, इंग्रजीच्या एकाच सर्वनामात तो पुसला जातो. म्हणून हे लोक पडद्याच्या वरच्या कडेला टीप देत. थोरल्या भावासाठी असलेला ‘ओप्पा’ हा शब्द मुलगी प्रियकरालाही का वापरते, हे असंख्य परदेशी प्रेक्षकांना अशा टिपांमधूनच कळले. इतके बारकाईने केलेले काम पुढे पैसे घेऊन करणाऱ्यांनाही नेहमी साधलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यूट्यूब आल्यावर भाग तिथे चढू लागले. पण दहा मिनिटांची मर्यादा असल्याने एका तासाचे सहा-सात तुकडे होत आणि मधला एखादा तुकडा हक्कधारकाच्या तक्रारीवरून काढला गेलेला असे. हीच अडचण ओळखून सलग भाग दाखवणारी, जाहिरातींवर कमाई करणारी संकेतस्थळे उभी राहिली. आमची उपशीर्षके विकू नका, ती स्ट्रीमिंगच्या संकेतस्थळांवर टाकू नका, अशी विनंती अनेक गट भागाच्या सुरुवातीलाच लिहीत, आणि या संकेतस्थळांनी ती सर्रास धुडकावली. त्यामुळे हौशी भाषांतरकार आणि ही संकेतस्थळे यांना एकाच पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे, जरी हक्कधारकाची परवानगी दोघांकडेही नव्हती.

मागणी खरी आहे हे सिद्ध झाल्यावर अधिकृत सेवा आल्या. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ड्रामाफीव्हर’ सुरू झाली आणि तिचे बहुसंख्य प्रेक्षक आशियाई वंशाचे नव्हते. ‘विकी’ (Viki) या दुसऱ्या सेवेने वेगळी वाट धरली: प्रक्षेपणाचे हक्क रीतसर विकत घ्यायचे आणि उपशीर्षके स्वयंसेवकांकडूनच करून घ्यायची. २०१३ मध्ये जपानच्या राकुतेन या ऑनलाइन व्यापार कंपनीने ती विकत घेतली. ड्रामाफीव्हर मात्र वॉर्नर ब्रदर्सकडे गेल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये अचानक बंद झाली. नेटफ्लिक्सवर जगभर गाजलेली कोरियन मालिका ‘स्क्विड गेम’ आली ती त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये.

अधिकृत सेवा वाढल्या तरी हक्क देशादेशांनुसार विकले जात असल्याने ‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही’ ही ओळ अजूनही दिसते. अनेक जुन्या मालिकांचे हक्क तर बऱ्याच देशांत कोणी घेतलेलेच नाहीत, आणि त्या पाहू इच्छिणारा प्रेक्षक पुन्हा त्याच जुन्या वाटेला लागतो.