डिजिटल सराउंड ध्वनीचे घरगुती मिश्रण

डीव्हीडी प्लेयर, संगणक, सेट-टॉप बॉक्स अशांपैकी दोन साधनांचा आवाज एकाच ५.१ संचावर एकदम ऐकू यावा म्हणून हौसेने घरीच जोडलेली मांडणी. सोलापुरात 'डॉल्बी' म्हटले की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. तिचा सराउंडशी संबंध नाही, तिथे नुसता दणका. इथे विषय सहा वाहिन्यांचा आहे: समोरच्या डावी-उजवी, मधली, मागच्या दोन आणि खर्जाची '.१'.

नवख्याची पहिली चूक ठरलेली. दोन डिजिटल तारा वाय-पिनने (दोन तारांची एक करणाऱ्या जोडाने) एकत्र करायच्या आणि खरखर किंवा शांतता ऐकत बसायचे. अॅनालॉग आवाज रेझिस्टरमधून एकत्र होतो. डिजिटल होत नाही, कारण प्रत्येक यंत्राचे घड्याळ, म्हणजे नमुन्यांची लय ठरवणारे आतले सर्किट, वेगळे. एसी-३ (डॉल्बी डिजिटल) प्रवाह तर दाबून बांधलेलाच असतो, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे (नमुने) घेतली तर, एका फ्रेममध्ये १५३६ नमुने, म्हणजे ३२ मिलिसेकंदांचे गाठोडे. गाठोडी सोडल्याशिवाय आतला माल एकत्र होणार कसा?

म्हणून आधी गाठोडी सोडणारा डिकोडर, मग मिश्रण. हौशी माणसाला सोपा मार्ग अॅनालॉगचा: दोन डिकोडर आणि त्यांच्या सहा जोड्यांसाठी ऑप-अॅम्पचे (आयसीतल्या छोट्या वर्धकाचे) सहा बेरीज-सर्किट. टीएल०७२ च्या एका आयसीत दोन ऑप-अॅम्प असतात, तेव्हा तीन आयसी पुरतात. प्रत्येक इनपुटला १० किलोओहम, फीडबॅकला ४.७ किलोओहम, दोन्ही आवाज निम्म्यावर आले की बेरीज पुढच्या अॅम्प्लिफायरला फाडत नाही. हे सर्किट फेज उलटवते, म्हणजे लहरीचा चढ तिथे उतार होतो. सहाही वाहिन्या उलटल्या तर बिघडत नाही, पण आळसाने समोरची एकच बाजू थेट जोडली की संवाद पोकळ होतात आणि खर्ज गायब.

खर्जाचाच दुसरा घोळ: '.१' वाहिनी वाजवताना १० डेसिबल वाढवायची असते. एक डिकोडर ती वाढवतो आणि दुसरा नाही, असे झाले तर तोल जातो.

संगणकावर मिश्रण केले तर घड्याळांचा फरक सॉफ्टवेअरला सांभाळावा लागतो. ५० पीपीएम (दहा लाखांत पन्नास) फरक म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच नमुने. दुर्लक्ष केले की थोड्या थोड्या वेळाने टक् असा आवाज येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्याला लागून घर असेल, तर मोटार सुरू होताना येणारी टकटक वेगळी. ती विजेच्या लाइनमधून येते. ५० हर्ट्झची घूंऽऽ मात्र बहुधा दोन यंत्रांच्या अर्थिंगच्या वळशातून. डिकोडरपर्यंत ऑप्टिकल केबल घातली की तो वळसा तिथे तुटतो, कारण तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही.