वाटीत नेमकं मावतं किती?

बेसनाच्या लाडवांना दोन वाट्या बेसन आणि एक वाटी पिठीसाखर, हे आईचं प्रमाण. मागच्या दिवाळीत मी कोथरूडच्या घरी लाडू केले, तेव्हा एक वाटी साखर मोजली आणि मग ती मिक्सरमधून काढली. लाडू गोडमिट्ट झाले. साखर तीच, वाटी तीच, मग चुकलं कुठे?

यंदा आईची तुळशीबागेतली जुनी स्टीलची वाटी वजनकाट्यावर ठेवली. पाणी काठोकाठ भरलं तर १५० ग्रॅम, म्हणजे वाटी १५० मिलिलिटरची. तेवढंच तेल साधारण १३८ ग्रॅम भरतं, मध २१० च्या आसपास. द्रवांचा हिशेब इथेच संपतो, कारण घनता ठरलेली असते.

साखर घातली, ती भरली १२७ ग्रॅम. साखरेचा दाणा मात्र पाण्याच्या जवळपास १.६ पट जड असतो. वाटीत फक्त साखरच असती तर काटा २३८ च्या आसपास गेला असता. म्हणजे भरलेली दिसणारी वाटी जवळजवळ अर्धी हवेची होती! हीच १२७ ग्रॅम साखर दळली, तर वाटी भरून वर अर्धी वाटी उरली. एका सपाट वाटीत पिठीसाखर ८५ ग्रॅमच मावली.

बारीक दाणे फटींत शिरून दाटून बसतील असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटं. एकाच मापाचे गोल दाणे ओतून हलवले, तर गोट्या असोत की मोहऱ्या, ते सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात. आकाराने फरक पडत नाही. फरक पडतो तो चिकटण्याने. दाणा दहापट बारीक झाला की त्याचं वजन हजारपट घटतं, पण शेजारच्या दाण्याशी असलेलं आकर्षण फक्त दहापटच कमी होतं. वजनाच्या तुलनेत चिकटपणा शंभरपट वाढतो. असा दाणा घरंगळत खाली जात नाही, जिथे टेकला तिथेच धरून बसतो. त्यातून पोकळ कमानी तयार होतात. पिठाचा भुसभुशीतपणा तो हाच.

या कमानी एका धक्क्याने मोडतात. चाळून अलगद भरलेलं बेसन वाटीत ६० ग्रॅम बसलं, तेच ठोकून ठोकून भरलं तर ८४. रवा, तांदूळ, साखर यांत इतकी तफावत येत नाही. म्हणून तर पायली, शेर, मापटं, चिपटं या मापांनी धान्याचा व्यवहार पिढ्यान् पिढ्या नीट चालला. १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक मापं आली आणि धान्य किलोवर गेलं. परदेशी पाककृतींतला कपही एकसारखा नाही, अमेरिकेतला सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. तेव्हा पिठं तरी वजनावरच घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

आईची वाटी मात्र खोटी नाही. ती डब्यातून बेसन घेते, वाटी ओट्यावर एकदाच आपटते आणि बोटाने सपाट करते. तिला तसं पाच वेळा भरायला लावलं. दर वेळी ७० ग्रॅमच्या आगेमागे. तिच्या वहीत आता लाडवांपुढे पेन्सिलीने लिहिलंय: बेसन १४० ग्रॅम, पिठीसाखर ८५ ग्रॅम, आधी दळून मग मोजलेली.