प्रकल्पपूर्व तयारी (नाशिक परिसर)

नवा उद्योग काढायचे ठरल्यापासून जागेवर पहिली कुदळ पडेपर्यंत जे काम करावे लागते, ते प्रकल्पपूर्व तयारी. मालाला गिऱ्हाईक आहे का हे पाहणे, कच्च्या मालाची खातरजमा, जागा, परवाने, भांडवलाची जुळणी हे सगळे त्यात येते. ही कामे कोणत्या क्रमाने केली, यावर पुढचे बरेच काही ठरते. बाजाराची पाहणी, नमुने, सल्ला यांवर होणारा खर्च तुलनेने किरकोळ असतो. प्लॉटची रक्कम भरली किंवा यंत्राला आगाऊ पैसे दिले की मागे फिरणे महागात पडते. नाशिककडे मात्र ‘आधी प्लॉट तर घेऊन ठेवू, मग बघू’ असेच बहुतेकांचे धोरण असते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ मध्ये स्थापन झाले. सातपूर आणि अंबड या त्याच्या शहरालगतच्या वसाहती. सिन्नरजवळ माळेगावची एमआयडीसी आणि मुसळगावची सहकारी वसाहत, मुंबई–आग्रा महामार्गावर गोंदे, उत्तरेला दिंडोरी असा हा पट्टा पसरला आहे. निफाड, चांदवड, येवला भागांत कांदा आणि द्राक्षे मुबलक असल्याने शेतमाल प्रक्रियेचे बेतही इथे कायम शिजत असतात.

कच्चा माल

‘कांदा दारात आहे, तर कांद्याचा कारखाना काढू’ हा विचार लासलगाव परिसरात दर मोसमात कुणीतरी बोलून दाखवतो. कांदा वाळवून चकत्या किंवा पावडर करण्यासाठी पांढरा आणि विद्राव्य घन पदार्थ जास्त असलेला कांदा लागतो. नाशिकचा बाजार भरतो तो लाल आणि उन्हाळी कांद्याने. तो ताजा खायला चांगला, उन्हाळी तर साठवायलाही. पण त्यात पाणी अधिक असते आणि वाळल्यावर रंगही हवा तसा उतरत नाही. देशातला हा धंदा गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात महुव्याला एकवटला आहे, त्यामागे तिथल्या पांढऱ्या कांद्याचा मोठा वाटा आहे.

दुसरा हिशेब भावाचा. एक किलो वाळवलेल्या मालाला साधारण ८ ते १० किलो ओला कांदा लागतो. बाजार समितीत भाव किलोला १० रुपयांवरून २० रुपयांवर गेला, की तयार मालाच्या एका किलोमागे नुसत्या कांद्याचा खर्च ८०–१०० रुपयांवरून १६०–२०० रुपयांवर जातो. विक्रीचा दर आधीच ठरलेला असतो, तो वाढवून मिळत नाही. म्हणून प्रकल्प अहवालात वर्षाची सरासरी धरून चालत नाही. लागोपाठच्या काही वर्षांचे महिनावार भाव बाजार समितीतून काढून, वाईटात वाईट महिन्यात कारखाना तगतो का, हे पाहावे लागते. तयार छापील अहवालांत हेच गणित सहसा नसते.

वाइनची गोष्ट थोडी वेगळी. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले आणि विंचूरला वाइन पार्क झाला. वाइनसाठी थॉम्पसन ही खाण्याची द्राक्षे चालत नाहीत, स्वतंत्र वाण लावावे लागतात आणि वेल हाताशी यायला सुमारे ३ वर्षे जातात. तेव्हा अनेकांनी बागा आणि टाक्या उभारल्या, पण विक्रीची साखळी कुणी बांधायची हा प्रश्न राहून गेला. २००८–०९ च्या मंदीत मागणी घसरली, तेव्हा लहान वाइनरींना खरेदी थांबवावी लागली आणि काही शेतकऱ्यांनी बागा तोडल्या.

गिऱ्हाईक आणि खेळते भांडवल

सातपूर–अंबडचे पुष्कळ लघुउद्योग मोठ्या वाहन व विद्युत उपकरण कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. इथे ‘मशीन घ्या, काम देतो’ या तोंडी शब्दावर व्हीएमसी (धातूकामाचे संगणकचलित यंत्र) उचलण्याची प्रथा आहे. काम देणाऱ्याची नियत चांगली असली, तरी ड्रॉइंग मिळणे, नमुना, त्याची मोजमाप तपासणी, पीपीएपीची (भाग नियमित उत्पादनाला योग्य असल्याची) मंजुरी आणि वेंडर कोड (पुरवठादाराचा नोंद क्रमांक) या पायऱ्यांत महिने जातात. कर्जाच्या हप्त्याला बँक जी सवलतीची मुदत देते, ती निदान इतकी तरी मागून घ्यावी.

यंत्राचे कर्ज सगळ्यांना दिसते, खेळते भांडवल विसरले जाते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. प्रत्यक्षात बिल दोन महिन्यांनी निघत असेल, तर दरमहा १० लाखांच्या विक्रीमागे कायम २० लाख रुपये गिऱ्हाइकाकडे अडकलेले राहतात.

जागा, परवाने, अनुदान

एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि ठरल्या मुदतीत बांधकाम न केल्यास मुदतवाढीचे शुल्क बसते. रिकामा ठेवलेला प्लॉट म्हणूनच फुकट पडत नाही. खासगी शेतजमीन घ्यायची तर सातबारा, फेरफार, मोजणी आणि वहिवाटीचा रस्ता पाहावा. घेणारा शेतकरी नसेल तर शेतजमीन विकण्यावर बंधन घालणारे कुळकायद्याचे कलम ६३ आडवे येते, त्यातून औद्योगिक वापरासाठी असलेली वाट वेगळी समजून घ्यावी लागते.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार प्रदूषण मंडळाची संमती उत्पादनाआधीच नव्हे, उभारणीची पावले टाकण्याआधी घ्यायची असते. पांढऱ्या श्रेणीतील, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांना तिची गरज नाही. त्र्यंबक रस्त्यावर सातपूरच्या आयटीआयजवळच्या उद्योग भवनात या कामाचे बरेच हेलपाटे होतात.

अनुदानातही क्रमच आडवा येतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या घटकांसाठी आहे. हौसेने आधीच सुरू केलेला कारखाना त्यात बसत नाही. उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरतात, पण त्यात जमिनीची किंमत मोजत नाहीत. त्यामुळे सगळी जमापुंजी प्लॉटमध्ये घातलेल्याला स्वतःचा वाटा (सर्वसाधारण गटात १० टक्के) पुन्हा नव्याने उभा करावा लागतो.

हंगाम

निफाडच्या काळ्या जमिनीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिकडे मे अखेरपर्यंत शेडवर पत्रे चढले नाहीत, तर यंत्रांची पायाभरणी दिवाळीच्या सुमारास गेली असे समजून बँकेचे वेळापत्रक आधीच बदलून घेतात.